उरलेले आठ डॉक्टर

नितेश आग्रेनं गेल्या चार वर्षांत एका शोधनिबंधाचं नाव पाच हजार वेळा तरी घेतलं असेल, पण तो निबंध त्यानं कधी वाचला नव्हता. ह्यात लपवण्यासारखं काही नाही. औषध कंपनीचा एमआर निबंध वाचत बसला, तर डॉक्टरांना भेटणार कधी? कंपनी त्यातल्या दोन ओळी आणि एक रंगीत आलेख गुळगुळीत कागदावर छापून देते. तो कागद डॉक्टरांपुढे धरायचा, मधल्या आकड्यावर पेनाचं टोक ठेवायचं, "धोका निम्म्यावर, सर" म्हणायचं आणि सॅम्पलं ठेवून उठायचं. रत्नागिरीहून कधी गुहागर, कधी राजापूर, मोटरसायकलवर बॅग लटकवून नितेश चौदा वर्षं हेच करत होता. बोलायला गोड. डॉक्टरांच्या पोरांची दहावीची टक्केवारीसुद्धा त्याला पाठ.

आता मात्र निबंध वाचायची वेळ आली होती, आणि हातात चारच दिवस होते.

झालं होतं असं, की कंपनीनं रत्नागिरीचं ठाणं बंद करायचं ठरवलं आणि एप्रिलपासून नितेशला यवतमाळला जायला सांगितलं. बायको दीपाली इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, पोरगी संस्कृती चौथीत. जायचं तर एकट्यानंच. लोक म्हणत, त्यात काय एवढं, कोकणातले निम्मे बाप्ये बाहेरच असतात. नितेशला तेच नको होतं. त्याचे वडील मुंबईत एका छापखान्यात होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. ते आले की लहानगा नितेश आईच्या मागे लपायचा, आणि जरा ओळख होऊन मांडीवर बसेपर्यंत त्यांची बॅग भरून झालेली असायची. वडील वाईट नव्हते, पण पाहुणे होते. आपल्या पोरीनं आपल्याला पाहुण्यासारखं बघावं, हे नितेशला चालणार नव्हतं.

तेवढ्यात मुंबईच्या दुसऱ्या एका कंपनीची जाहिरात दिसली. कोकण आणि कोल्हापूर भागासाठी मेडिकल सायन्स लायझन पाहिजे, राहायचं रत्नागिरीतच. हा माणूस औषध विकत नाही. कोणत्या अभ्यासात नेमकं काय आढळलं ते डॉक्टरांना सांगतो, आणि त्यांनी अडचणीचं विचारलं तर खरं उत्तर शोधून आणून देतो. टार्गेट नाही. नितेशनं हे आईला फोनवर समजावलं, तर ती म्हणाली, "म्हंजे इकायचा काय नाय नि पगार जास्ती? फसवतील हो तुला."

नितेशची एम.फार्म.ची पदवी बरीच वर्षं कपाटात पडून होती, ती आता कामाला आली. गुरुवारी अकरा वाजता ऑनलाइन इंटरव्ह्यू ठरला. आपल्या पसंतीचा एक निबंध निवडून पंधरा मिनिटं इंग्रजीत मांडायचा होता. शिवाय ओळखीच्या एका डॉक्टरांचं नाव द्यायचं होतं, त्यांना कंपनी बुधवारी संध्याकाळी फोन करणार होती. नितेशनं रत्नागिरीतल्याच डॉ. हेमा लिमयांचं नाव दिलं आणि निबंध निवडला तो आपल्याच गोळीचा. घरचं मैदान! मधुमेही माणसाच्या पायाला जखम होण्याचा धोका निम्म्यावर आणणारी गोळी. रोज त्याच निबंधाच्या नावानं तर पोट भरत होता.

रविवारी सकाळी पडवीत बसून त्यानं चौदा पानं वाचायला घेतली. पहिला हिसका तिसऱ्या पानावर बसला. निम्म्यावर म्हणजे शंभरात चौघांना जखम व्हायची, ती दोघांना झाली. खोटं नव्हतं, पण पेनाचं टोक ठेवून सांगण्याएवढं मोठंही नव्हतं. सहाव्या पानावर मात्र तो थांबला आणि तीच ओळ बोट ठेवून तीनदा वाचली. ज्यांची किडनी कमजोर आहे असे रुग्ण अभ्यासात घेतलेच नव्हते.

चार वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला होता, "डॉक्टर किडनीचं विचारतीलच. बिनधास्त सांगा, सेफ आहे." नितेशनं बिनधास्त सांगितलं होतं. आता कळत होतं, की सेफ आहे की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणाकोणाला सांगितलं ते आठवायचं त्यानं मुद्दाम टाळलं. पण डॉ. हेमांना सांगितलेलं कसं विसरणार? आणि त्यांच्याकडे तर किडनीचे रुग्ण लांबून लांबून यायचे.

दीपाली मोबाइलवर वेळ लावून त्याची तयारी करून घेत होती. तिला त्यानं सगळं सांगितलं.

"मग जाऊन सांगा ना डॉक्टरबाईंना," ती म्हणाली.

"अगो, बुधवारी फोन त्यांनाच येणार हाय! त्याच्या तोंडावर जाऊन सांगू, की मी चार वर्षं तुम्हाला फसवलं?"

"मग काय करणार?"

"ती स्लाइडच काढतो. पंधरा मिनिटांत सगळं थोडंच मावतं?"

दीपालीनं मोबाइल खाली ठेवला. "माझ्या वर्गात एक पोरगा हाय. गणित चुकलं की खोडत नाय, पानच फाडतो." एवढं बोलून ती भात बघायला आत गेली. नितेशला तिचा राग आला. पण त्यानं स्लाइड काढली ती काढलीच.

मंगळवारी दुपारी दीड वाजता दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर डॉ. हेमांनी त्याला सरावासाठी बोलावलं होतं. वय एकसष्ट, बोलणं फटकळ, आणि समोरचा अडखळला की टेबलावर पेन वाजवायची सवय. नितेशनं लॅपटॉप उघडला. पहिल्या दोन स्लाइड त्यानं नुसत्या वाचून दाखवल्या, पण नंतर इंग्रजी सापडत गेलं. पेन एकदाही वाजलं नाही.

"बरं आहे की रे! मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ बरं," डॉक्टर म्हणाल्या. "आता मी खवट डॉक्टर होऊन विचारते. किडनीवाल्यांचं काय?"

"सेफ आहे, डॉक्टर."

डोकं जागेवर यायच्या आत तोंड बोलून गेलं होतं. चौदा वर्षांची सवय ती! चूक झाली म्हणावं, तोवर दारातून कंपाउंडर नम्रतानं डोकं आत घातलं. मिऱ्या गावची मैनाबाई आली होती, तिची एसटी चुकल्यामुळे उशीर झाला होता. डॉक्टरांनी तिला आत घ्यायला सांगितलं. नितेश उठू लागला, तसा त्याला हातानंच बसवलं.

मैनाबाई मासे विकायची. साठीची, काटक, हातात रिपोर्टची पिशवी. खुर्चीत बसल्या बसल्या तिनं पाय पुढे केला. "बाय, माझ्या पायाला काय समजतच नाय बघ. काल सुरमयचा काटा घुसला. लादीवर रगत बघलं, तवा कळला."

डॉक्टरांनी पाय निरखून पाहिला. मग रिपोर्ट चाळला आणि त्यांची कपाळपट्टी आक्रसली. "साखर तर आहेच, त्यात किडनीही थकत चाललीय, मैना." त्यांनी चिठ्ठीचं पॅड ओढलं. "पायाला जखमा होऊ नयेत म्हणून एक गोळी देते. हा बसलाय ना, ह्याच्याच कंपनीची आहे. किडनीलाही चालते म्हणतो."

पेन कागदाला टेकलं. गोळीच्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं, दुसरं उमटलं. गुरुवार, यवतमाळ, आईच्या मागे लपलेलं पोर, सगळं नितेशला एकदम आठवलं. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं, बसूनच तर होता.

"डॉक्टर, नका लिहू."

पेन थांबलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मैना, दोन मिनिटं बाहेर बस हां." दार लागल्यावर त्यांचा आवाज बदलला. "बोल."

त्यानं सांगितलं. सहावं पान, कोल्हापूरची मीटिंग, काढून टाकलेली स्लाइड, आणि दहा मिनिटांपूर्वीचं उत्तरही. सांगताना त्याला लॅपटॉपशिवाय कुठे बघता येईना.

"मेल्या, चार वर्षं!" डॉक्टरांनी पेन टेबलावर आपटलं. "तुझा शब्द म्हणून मी लिहीत होते रे. तू लबाड नाहीस, असं मीच सगळ्यांना सांगायची!" मग त्यांनी चिठ्ठीवरची ती दोन अक्षरं खोडली. "मीही वाचायला हवं होतं. पण म्हणून तू सुटलास असं समजू नको." त्यांनी घंटी वाजवली. "नम्रता, किडनीच्या ज्या रुग्णांना ही गोळी चालू आहे, त्यांच्या सगळ्या फायली काढ. आत्ता. नितेश, तू बाहेर हो."

बाहेर बाकावर मैनाबाईच्या शेजारीच जागा होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. "काय रे बाबा, बायनं गोळी लिवायची का थांबवलान? माझा काय जास्ती हाय काय?"

"नाय हो मावशी. चूक माझी होती," नितेश म्हणाला. नम्रता फायली घेऊन आत जात होती. त्यानं मोजायच्या नाहीत असं ठरवलं आणि तरी मोजल्या. सतरा होत्या.

पाऊण तासानं डॉक्टर दारात आल्या. "उद्या त्यांचा फोन आला, की जे झालं ते सांगणार. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. जा आता."

बुधवारी नितेश गावातल्याच आणखी दोन डॉक्टरांकडे जाऊन हेच बोलून आला. धाडस म्हणून नव्हे. दोघांचे दवाखाने त्याच गल्लीत होते आणि डॉ. हेमांकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असा हिशेब होता. संध्याकाळी सात वाजता त्याला डॉ. हेमांचा तीन शब्दांचा मेसेज आला. "फोन आला. सांगितलं." नितेशनं तो दीपालीला दाखवला. तिनं त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला.

गुरुवारी बरोबर अकराला पडद्यावर तीन चेहरे आले. दोन पुरुष, आणि मधोमध कंपनीच्या वैद्यकीय प्रमुख डॉ. उर्वी कामत. नितेशनं पाठ केलेलं "गुड मॉर्निंग" म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मिस्टर आग्रे, मराठीतच बोलूया. डॉक्टर लिमयांनी काल एक गोष्ट सांगितली. ती तुमच्या तोंडून ऐकायचीय."

त्यानं सांगितली. काहीही गाळलं नाही. स्वयंपाकघरात दीपालीनं मिक्सर, पंखा, नळ सगळं बंद करून कान लावला होता.

"लिमये धरून किती डॉक्टरांना तुम्ही सेफ म्हणून सांगितलं होतं?" उर्वी कामतांनी विचारलं.

चार दिवस टाळलेली यादी आता मनात करावीच लागली. "अकरा."

"त्यांतल्या किती जणांना खरं सांगून झालं?"

"तिघांना."

"म्हणजे आठ डॉक्टर आत्ता, आपण बोलत असतानाही, ती गोळी तशीच लिहीत असतील."

दोन दिवस नितेश मनातल्या मनात स्वतःला मोठा प्रामाणिक समजत होता. आणि ह्या आठ जणांकडे जायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की कॅमेऱ्यासमोर बसवेना.

"प्रेझेंटेशन आज राहू द्या," त्या म्हणाल्या. "आठ झाले की मला फोन करा." पडदा काळा झाला. घड्याळात अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

"झालापण?" दीपाली दारात आली.

"झाला नाय. गुहागरला जातोय," म्हणत त्यानं हेल्मेट उचललं. इस्त्रीचा शर्ट बदलायचंही त्याला सुचलं नाही.

गुहागरचे डॉक्टर खो खो हसले. "अरे, तुम्हा लोकांचं आम्ही मनावर घेतो थोडंच!" म्हणाले, पण तो उठताना हळूच गोळीचं नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं. राजापूरकडच्या नाटे गावच्या डॉक्टरांनी त्याच्यासमोरच तिघा रुग्णांना फोन लावले. चिपळूणच्यांनी त्याचा कागद भिरकावून दिला आणि पुन्हा पायरी चढायची नाही म्हणून बजावलं. आणखी तिघांना गाठण्यात गुरुवार-शुक्रवार गेले. शनिवारी दुपारी वाटेत मॅनेजरचा फोन आला. कोणी तरी तक्रार केली होती. "सोमवारी राजीनामा मेल कर, नाही तर आम्ही काढतो," एवढंच बोलून त्यानं फोन आपटला. म्हणजे आता यवतमाळसुद्धा गेलं. नितेश काजूच्या सावलीला गाडी लावून थोडा वेळ नुसता उभा राहिला. परत फिरावंसं फार वाटलं. अजून दोघे उरले होते. दापोलीचे डॉक्टर सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "माझी बहीण ती गोळी घेते. तिची किडनी खराब आहे. परत येऊ नका." ह्यावर नितेश नुसता हात जोडून बाहेर आला.

आठवे दापोलीजवळच्या बुरोंडीचे. त्यांचं संपलं तेव्हा पाच वाजत आले होते. बंदराकडच्या रस्त्यावर थांबून त्यानं फोन लावला.

"आठ झाले, मॅडम."

"काय म्हणाले?"

त्यानं एकेकाचं सांगितलं. "दोघांनी परत यायचं नाही म्हणून सांगितलंय. चिपळूण आणि दापोली."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "दोन्ही गावं तुमच्याच भागात येतायत. पहिल्या महिन्यात त्यांच्याकडे तुम्हालाच जावं लागेल. सोमवारी प्रेझेंटेशन उरकू, मग नेमणुकीचं पत्र पाठवते. पण ते दोघे आत घेतील का तुम्हाला?"

"माहीत नाही, मॅडम," नितेश म्हणाला. फोन ठेवल्यावर त्या काय बोलल्या ते त्याला हळूहळू उमगलं. आता रत्नागिरी सोडायची नव्हती. मग त्यानं घरी फोन लावला. तो संस्कृतीनं उचलला.

"बाबा, कधी येताय?"

"नऊ वाजतील गो," तो म्हणाला. "जेवायला थांब."