मोठ्या बाईंचा झगा

शिंपीणबाईंविषयी पडदेवाल्याला खरं तर फारसं काही माहीत नव्हतं. त्या कुठे राहतात, घरी कोण असतं, हे त्याने कधी विचारलं नाही. एकाच नाट्यगृहाच्या एकाच विंगेत दोघांचे केस पिकले, एवढंच.

ऑपेरा गाणाऱ्या मोठ्या बाई गेल्यावर त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. रीत अशी, की विजेतीने मोठ्या बाईंचा रेशमी झगा घालून एक गाणं गायचं. दरवर्षी तो नव्या अंगाला बेतून द्यायचं काम शिंपीणबाईंचं.

त्या वर्षी पुरस्काराच्या संध्याकाळी विजेती विंगेत उभी होती, तोंडचं पाणी पळालेली. शिंपीणबाईंनी तिच्या पाठीवर शेवटचा टाका घालून दोरा तोडला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“भाऊ, पडदा उघडू नका!”

“का हो?”

“घात झाला. पोर भीतीने श्वास रोखून उभी होती, अन् मी त्याच मापाने पाठ शिवली. गाताना छाती भरली की रेशीम टर्रकन फाटणार. मोठ्या बाईंचा झगा, चारचौघांत!”

बाहेर वाद्यं सुरू झाली. व्यवस्थापक दातओठ खात आले.

“ओढा ना दोर! झोप लागली का?”

पडदेवाल्याने जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं.

“दोराची कप्पी अडकलीय, साहेब.”

“सकाळी तर चालत होती!”

“म्हातारी झाली, साहेब. माझ्यासारखीच.”

मागे शिंपीणबाई टाके उसवत होत्या.

“घे श्वास, बाळ.”

“येतच नाहीये, मावशी.”

“मोठ्या बाईही इथे अशाच थरथरायच्या. घे.”

मुलीने श्वास घेतला. पाठ वीतभर उघडी पडली.

“आता लोकांना पाठ दाखवू नकोस, म्हणजे झालं.”

पडदा उघडला. प्रत्येक तानेला खांद्यावरचं जुनं रेशीम ताणलं जाई आणि शिंपीणबाई पडदेवाल्याची बाही घट्ट धरत. गाणं संपलं. मुलगी वाकून, मागे मागे सरकत आत आली. लोकांना वाटलं, केवढा हा विनय! टाळ्या थांबेनात. झगा शाबूत होता. शिंपीणबाई मात्र मटकन खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून हुंदके देऊ लागल्या. पडदेवाल्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

पुढच्या पुरस्काराला शिंपीणबाई नव्हत्या. थंडीत गेल्या, असं कुणीतरी सांगितलं.

झगा वाचला त्या संध्याकाळी निघताना दारात त्या थबकल्या होत्या.

“कप्पीला तेल घाला हो, भाऊ.”

“घालतो. सावकाश जा, पायरी ओली आहे.”