सहावी शेळी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आणि त्याच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. लेकाला नाही, सुनेला नाही. नात जीवशास्त्रात संशोधन करते, पहिला शोधनिबंध पाठवायच्या गडबडीत आहे, रोज फोनवर विचारते – आजी, संदर्भयादी कशी लावू, आजी, सारांश किती शब्दांचा – तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते. का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

आधी त्या बाईची ओळख करून देते. ती बाई म्हणजे मीच, चाळिशी उलटलेली. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. स्कूटीवर बसताना काळा चष्मा, वर स्कार्फ, पदराला पिन – आणि तोंडात सदानकदा 'माझं रिसर्च'. भाजीवालीनं विचारलं, बाई दिसला नाहीत चार दिवस, तर म्हणायची, फील्डवर होते. फील्ड म्हणजे काय, तर ईट गावच्या शिवारातला एक शेळ्यांचा वाडा! तिथून पिशव्यांत लेंड्या भरून आणायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायची. नवरा म्हणायचा, एवढं शिकून शेवटी लेंड्याच. मी चिडायचे. आता वाटतं, त्या घरात तेवढंच एक शहाणं माणूस होतं.

वाडा इठाबाईचा होता. माझ्याच वयाची, पण दिसायला दहा वर्षांनी मोठी. पंधरा-सोळा उस्मानाबादी शेळ्या, काळ्याभोर, लांब कानांच्या. नवऱ्याच्या नव्हेत – तिच्या. लग्नात माहेरून एक पाठ – न व्यायलेली तरणी शेळी – आली होती, तिचा हा सगळा विस्तार. दिवस गेले तसे सासरचं रान वाटण्यांत गेलं, शेळ्या मात्र तिच्याच राहिल्या. आणि तिच्या हाताला गुण होता. पावसाळा सरता सरता शेळ्यांना जंत होतात. इठाबाई पळसपापडी – म्हणजे पळसाच्या बिया – भाजून, कुटून, ताकातून पाजायची. आसपासच्या वस्त्यांवरून लोक तिच्याकडं यायचे. ती मूठभर भुकटी द्यायची आणि घेणाऱ्याच्या शेळीच्या पाठीवरून एकदा हात फिरवायची. बस्स.

मला त्यात निबंध दिसला. कुणाला काय दिसावं, नाही का?

एक नियतकालिक देशी जनावरांवर विशेष अंक काढणार होतं. माझ्या प्लेसमेंटची – म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्याची – मुलाखत तोंडावर होती आणि शेजारच्या विभागातल्या बाईंचे दोन निबंध छापून आले होते. स्टाफरूममध्ये त्या ते टेबलावर ठेवून जायच्या, विसरल्यासारखं करून. मग मी ठरवलं – बारा शेळ्या घ्यायच्या. सहांना औषध, सहांना नाही – त्यांच्या गळ्यात खुणेचा निळा दोरा. बेचाळीस दिवस, दर सात दिवसांनी नमुने. फरक दिसला की झालं.

चिठ्ठ्या टाकल्या. बांडी नावाची शेळी – कानांवर पांढरे ठिपके होते म्हणून बांडी – 'नाही'मध्ये निघाली. इठाबाई म्हणाली, बाई, ही गाभण हाय, हिला तिकडं घ्या की. मी तिला चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी असं समजावलं. पूर्वग्रह, निवड, काय काय सांगितलं. खरं म्हणजे गाभण शेळी अशा प्रयोगात घ्यायचीच नसते, हे त्या बाईला ठाऊक होतं. पण बारा भरायच्या होत्या ना, आणि उरलेली करडंच होती! अकरा हा आकडा तक्त्यात बरा दिसत नाही.

आता जे सांगते ते जगातल्या कुठल्याच निबंधाच्या 'साहित्य आणि पद्धती'त तुम्हाला सापडणार नाही.

मला भीती होती की मी पाठ फिरवली की इठाबाई सगळ्यांना पाजणार. तिनं तसं म्हटलंच होतं – एकीला पाजायचं आन् एकीनं बघायचं, हे कसं व्हतं बाई? दुसऱ्या कुणी कागदावर अंगठा घेतला असता. मीही घेतला, संमतीपत्रावर. पण मी याच भागातली. अंगठ्याची किंमत मला माहीत होती आणि भंडाऱ्याचीही. दरवर्षी विज्ञान दिनाला पोरांसमोर अंधश्रद्धेवर तासभर बोलणारी ही बाई वाड्यातल्या देवळीपुढं उभी राहिली आणि इठाबाईला म्हणाली, भंडारा उचला. मी सांगेपर्यंत निळ्या दोऱ्याच्या शेळ्यांना औषध देणार नाही, म्हणा. तिनं चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि म्हटलं.

तेव्हा मी स्वतःवर खूश होते, लपवत नाही. घरी येऊन वहीत लिहिलं – मालकिणीचं सहकार्य पूर्ण.

बत्तिसाव्या दिवशी, दुपारी, मी घरी संगणकावर निबंध जुळवत होते. प्रस्तावना झाली होती, पद्धती झाल्या होत्या, निष्कर्षसुद्धा अर्धे लिहून झाले होते – हो, निकालाआधी निष्कर्ष, हसा. तक्ता क्रमांक दोनचे शेवटचे दोन रकाने तेवढे रिकामे. मी संदर्भयादीत गुंतले होते. खंडाचा आकडा ठळक हवा की तिरपा, यावर तासभर घालवला होता. दारात इठाबाई. ईटहून एसटीनं आलेली. आत आली नाही. हाताला शेळ्यांचा वास आहे म्हणाली.

"बांडीच्या जबड्याखाली पाणी उतरलंय," ती म्हणाली. "डोळं आतनं पांढरंफटक झाल्यात. बाई, माझा शब्द सोडवा. म्या भंडारा उचललाय, तुमी म्हणल्याबिगर पाजता येत न्हाय."

मला त्या लक्षणांचा अर्थ समजत होता. तेच तर मी शिकवत होते वर्गात. रक्त पिणारे जंत, अंगात रक्त उरत नाही, जबड्याखाली सूज. एक शब्द लागत होता. 'पाजा' – एवढाच.

मी म्हटलं, "दहाच दिवस राहिलेत, इठाबाई."

मी तिला चहा दिला, पायरीवर बसून तिनं घेतला. पदरानं तोंड पुसून गेली. वाद नाही, रडणं नाही. आणि मी? मी परत आत जाऊन खंडाचा आकडा ठळक केला.

बांडी चौतिसाव्या दिवशी मेली. पोटात दोन पिलं होती.

तुम्हाला वाटेल, हीच कबुली. पुष्कळ वर्षं मलाही वाटायचं की हीच. मग वाटायचं, नाही, पुढची – कारण पुढं काय केलं ते ऐका. खरं तर तिचं मरण माझ्या निष्कर्षाला मदतच करणारं होतं: औषध न दिलेली दगावली. पण तसं लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की गाभण होती का, आणि आजारी पडल्यावर औषध का थांबवलं. म्हणून मी काहीच लिहिलं नाही. एका गटात सहा, दुसऱ्यात पाच. नियतकालिकाच्या परीक्षकाचा एका ओळीचा प्रश्न आला – सहावी कुठं गेली? मी उत्तर पाठवलं: मालकिणीने मध्येच विकली. सोबत दुसरा कागद होता, प्राण्यांना टाळता येण्याजोगा त्रास दिला नसल्याचा. त्यावर सही केली. माझी सही तेव्हा फार ऐटदार होती, शेवटच्या अक्षराखाली दोन ठिपके द्यायचे.

निबंध छापून आला. स्टाफरूममध्ये टेबलावर ठेवून गेले, विसरल्यासारखं करून. प्लेसमेंट झाली. शेवटी आभारात एक ओळ होती – स्थानिक पशुपालक महिलेच्या सहकार्याबद्दल. नाव नाही. नाव घालायचं मनात आलं होतं. मग वाटलं, कुणी तिच्याकडं जाऊन विचारलं तर?

पण हेही ते नव्हे. बघा, मी कशी घुटमळते. इतका वेळ घुटमळतेच आहे.

पस्तिसावा दिवस नमुन्यांचा होता. मी पिशव्या घेऊन गेले. बांडीला आदल्या दिवशीच पुरलं होतं. इठाबाई वाड्याच्या कुडाला टेकून बसली होती. मी काही बोलायच्या आधीच तिनं विचारलं. शब्द जसेच्या तसे आहेत माझ्याकडं, माझ्या दुर्दैवानं.

"बाई, त्या दिशी तुमच्याकडनं आले आन् राती म्या वाटी भरली होती. पाजणारच होते. मग हात मागं घेतला. पण मनात आलं तर होतंच की. शब्द मोडायचं मनात आलं, म्हणून गेली का वो ती?"

तिला मी अडाणी समजत होते. पण बघा, ती विचारत होती. खात्री करून घेत होती, आणि तेही माझ्याकडून, शास्त्र शिकलेल्या बाईकडून. मी म्हणायला हवं होतं – ती जंतांनी गेली, वाटीभर औषधानं वाचली असती, दोष तुझा नाही, माझा आहे. पण हे म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर कबूल करणं की मी मारली. आणि मग उरलेल्या पाच? ती त्याच दुपारी सगळ्यांना पाजून मोकळी झाली असती आणि तक्त्याचे दोन रकाने रिकामेच राहिले असते.

मी म्हणाले, "असंल."

दोन पिशव्या तिच्या हातात दिल्या, धरायला. तिनं धरल्या.

उरलेल्या पाच जगल्या. बेचाळिसाव्या दिवशी मी सांगितलं आणि तिनं त्यांना पाजवलं – पण शेजारणीकडून. स्वतः वाटीला हात लावला नाही. पुढच्या पावसाळ्यात वस्त्यांवरून लोक आले, तर म्हणाली, माझ्या हाताला आता यश न्हाय. कुणी आग्रह केला, कुणी रागावलं. ती पळसाखाली गेलीच नाही परत. हळूहळू शेळ्या पोरानं मोडल्या. हे मला ईटच्याच एका विद्यार्थिनीनं सहज बोलता बोलता सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि तिला विचारलं, प्रात्यक्षिकाची वही पूर्ण झाली का.

नातीनं परवा तोच निबंध शोधून काढला. तिच्या संदर्भयादीत बाविसावा आहे. आजी, तुमचं काम अजून वापरतात लोक, म्हणाली. आवाजात केवढा अभिमान! मी म्हटलं, खंडाचा आकडा बघ नीट. विनोद समजून हसली पोरगी.

इठाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. मी गेले होते भेटायला, तिच्या सुनेला. का गेले? कुणास ठाऊक. सुनेनं चहा टाकला. म्हणाली, आत्याबाई जाताना लई बडबडायच्या, एकच – माझ्या मनात पाप आलं, मुक्या जिवाला भोवलं. आमाला कधी उमगलंच न्हाय कसलं पाप ते. कॉलेजच्या कुणी बाई यायच्या म्हणं त्या वक्ताला. मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, तुमाला काही ठावं हाय का वो?

मी नाही म्हणाले.

तेव्हा मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. कुठला अंक निघायचा नव्हता, कुठली मुलाखत नव्हती.