हुज्जती

शेलूबाजारात नुसत्या नावाने कुणाचं भागत नसे. नावामागे काहीतरी चिकटल्याशिवाय माणूस ओळखूच येत नसे. बाप रहमतुल्ला पिंजारी, आणि त्याचा मुलगा गुलाम नबी हुज्जती. हे शेपूट गावाने त्याला लावलं, आणि ते लाडाने लावलं असं कुणी समजू नये.

ही एकोणीसशे तेहतीस-चौतीसची गोष्ट. रहमतुल्लाच्या ओसरीवर सकाळपासून पिंजणीची तात टणटणायची. गाद्या, रजया, उशा, सगळ्या बाजारपेठेचा कापूस त्याच्या हातून जायचा आणि त्याचं कीट त्याच्या छातीत राहायचं. खोकून खोकून त्याचा आवाज बसला होता. निदान पोराने तरी हे कीट गिळू नये म्हणून त्याने गुलाम नबीला अकोल्याच्या एका मदरशात धाडलं. बापाचं चुकलं असं म्हणवत नाही. पण पिंजाऱ्याचा पोरगा तो, कापूस सुटला तरी पिंजणं कसं सुटणार? तो शब्द पिंजायला शिकून आला.

अकोल्यात तो मंतिक शिकला. मंतिक म्हणजे तर्कशास्त्र. एका खऱ्या वाक्यावर दुसरं खरं वाक्य ठेवायचं आणि दोघांच्या डोक्यावरून तिसरं उचलायचं. पहिलं सुग्रा, दुसरं कुब्रा, आणि तिसरं नतीजा. ज्या दलीलीपुढे समोरच्याचं तोंड बंद होतं तिला हुज्जत म्हणतात, असं म्हाताऱ्या मौलवींनी सांगितलं. हुज्जत म्हणजे अखेरचा पुरावा. हा शब्द गुलाम नबीने अत्तराच्या फायासारखा कानात घालून ठेवला. शेलूबाजारात मात्र हुज्जत म्हणजे भांडण, भाजीवालीशी घालतात ते. एकच शब्द, अकोल्यात त्याला लोडाशी बसवतात आणि शेलूत जोड्याने हाणतात. हे गुलाम नबीला ठाऊक नव्हतं असं नाही. गावच अडाणी, असं त्याचं मत होतं.

सुट्टीत आला की तो बापाच्या गिऱ्हाइकांना धरून बसायचा. एकदा मानोऱ्याकडच्या तांड्यावरची धनीबाई रजई भरून घ्यायला आली. त्याने तिच्यापुढे आपला आवडता पेच टाकला. आंधळ्या माणसाने तुम्हाला विचारलं, हे वांगं ताजं आहे का? वांगं किडकं आहे, पण दुकान तुमच्या सख्ख्या भावाचं आहे. आता आंधळ्याशी खरं बोलायचं की भावाची अब्रू राखायची?

"मी भावाले म्हनीन, वांगं बदल," धनीबाई म्हणाली.

"तसं नाही चालत! दोनातलं एकच निवडायचं!" गुलाम नबी चिडला.

"काहून? दुकानात दुसरं वांगं नाही काय?" असं म्हणून ती रजई डोक्यावर घेऊन चालती झाली. तो आठ दिवस तिच्यावर धुमसत होता.

असा हा विद्वान. त्याच्या बहिणीची सगळी जिंदगी एके दिवशी त्याच्या जिभेवर येऊन बसली, ही तिची फुटकी तकदीर.

बहीण सितारा कामरगावला दिली होती. पदरात चार वर्षांची पोरगी, बदरुन्निसा. नवरा हात उचलणारा आणि सासू अमिरुन्निसा त्याला काडी लावणारी. रमजानच्या सुट्टीत घरी येताना गुलाम नबी वाट वाकडी करून तिच्या गावी गेला, तर सितारा घराबाहेर कडुनिंबाखाली बसलेली. डोक्यावर ओढणी नाही, ओठ फुटलेला, एका पायात चप्पल. दाराला आतून कडी आणि आत पोरगी रडून राहिलेली.

"भाई, मले काढलं," एवढंच ती म्हणाली.

दुसरा कुणी भाऊ असता तर त्याने दाराला लाथ घातली असती. गुलाम नबीने दाराला प्रश्न घातला. आतून अमिरुन्निसा ओरडली, "गेली ते आपल्या पायानं!" तर हा बाहेरून म्हणतो, "आपल्या पायाने गेली, तर एकाच पायात चप्पल कशी?" हे वाक्य त्याला स्वतःला इतकं आवडलं की बहिणीला बैलांच्या दमणीत बसवून शेलूला आणताना वाटेत त्याने ते तीनदा घोळवलं. सितारा मागे वळून वळून पाहत होती. तिच्या कानातून पोरीचं रडणं जात नव्हतं.

आता सगळा झगडा त्या पोरीचा होता. पिंजाऱ्यांच्या बिरादरीचा दस्तूर असा, की बायको आपल्या पायाने निघून गेली तर लेकरू बापाचं. तिला हाकलली असेल तर लेकरू आईचं. पण हाकलताना पाहिलं, असं माहेरच्या एका पुरुषाने बिरादरीच्या चौधरीपुढे आणि पंचांपुढे सांगायला हवं. सिताराच्या फुटक्या ओठाची साक्ष चालत नव्हती, तिच्या जबानीचीही नाही. बाईची जबान का धरत नाहीत हे पंचांना कुणी विचारलं नाही. बाईने मार खायचा, आणि तो खाल्ला की नाही हे पुरुषांनी ठरवायचं. असल्या दस्तुराला आग लागो. पण होता तो असा होता, आणि माहेरचा पुरुष त्या दिवशी तिथे एकच होता.

"पोरा, तुले लंबं काही बोलाचं नाही," रहमतुल्ला म्हणाला. "चौधरी इचारन, पाह्यलं काय? तू हो म्हन अन् खाली बस."

"पण अब्बा, मी पाहिलं कुठे? मी पोचलो तेव्हा ती बाहेर होती."

"मंग ते काय हवा खायले बसली होती?"

गुलाम नबी ओढ्याकाठी फिरून फिरून विचार करू लागला. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणणं म्हणजे खोटं. पण सिताराला काढलं हे तर खरं. मग खोट्या वाटेने खऱ्या मुक्कामाला जावं का? आज बहिणीसाठी एक खोटं पचवलं, तर उद्या दुसऱ्याच्या खोट्याला नावं कोणत्या तोंडाने ठेवायची? आणि खरं बोलून पोरगी गेली, तर त्या खऱ्याचं करायचं काय? इथपर्यंत त्याच्यावर रागावण्यासारखं काही नाही. असा पेच कुणालाही पडावा, ज्याला पडत नाही त्याच्या शेजारी राहू नये. झोप उडाली होती त्याची, आणि ती खरीच उडाली होती.

पण मग त्याला उपाय सुचला आणि तिथून घात झाला. साक्ष द्यायचीच नाही. हुज्जत मांडायची! कडी आतून होती, सुग्रा. बाहेर गेलेल्या माणसाला आतून कडी लावता येत नाही, कुब्रा. चप्पल एक, ओढणी नाही, लेकरू आत, आणि वरून नतीजा असा की कारंज्यापर्यंतच्या कुणा वकिलाला तोडता येऊ नये. खोटंही बोलायला नको आणि पोरगीही हातची जायला नको. तो खुशीत आला. वाक्यं घासूपुसू लागला. बाप बाहेर गेला असताना कापसाच्या ढिगासमोर उभं राहून त्याने सगळं भाषण हातवारे करून म्हणून पाहिलं. शेवटी तर त्याचा गळाही दाटून आला, आपल्याच बोलण्याने.

सितारा दारामागून ऐकत होती. "भाई, एवढं कायले?" ती म्हणाली. "एक हो म्हन ना."

"तुला नाही समजायचं ते," तो म्हणाला.

ईद झाल्यावर पंचायत बसली, बाजारामागच्या चिंचेखाली. चौधरी इब्राहीम कारंज्याहून आला होता. तोंडाने फटकळ, पण सिताराचा ओठ त्याने पाहिला होता आणि त्याचा कल कुठे आहे ते सगळ्यांना दिसत होतं. आधी कामरगाववाल्यांचा साक्षीदार उठला, नवऱ्याचा चुलतभाऊ. तो त्या दिवशी गावात नव्हताच.

"आपल्या पायानं गेली ते? पाह्यलं तुवा?"

"हो जी," म्हणून तो बसला. तोंडातलं पान थुंकायचीही त्याला गरज पडली नाही.

मग चौधरीने गुलाम नबीला उठवलं, आणि प्रश्न इतका सोपा करून विचारला की तान्ह्या पोरालाही जमावा. "बोल बेटा. सिताराले तुह्या समोर काढलं ना?"

सगळ्या बिरादरीचे डोळे त्याच्यावर. त्याच्या घशात ते भाषण, घासून लखलखीत केलेलं, वर येऊ पाहत होतं. हो म्हटलं तर ते सगळं वाया. नाही म्हटलं तरी वाया.

"चौधरीसाहेब," तो म्हणाला, "पाहणं म्हणजे काय हे आधी ठरवू. डोळ्याला दिसतं तेच पाहणं, की अकलेला दिसतं तेही? मी इथे साक्ष घेऊन आलो नाही. मी हुज्जत घेऊन आलो आहे."

चौधरीच्या कपाळावरची शीर फुगली. "हुज्जत? पंचायतीत हुज्जत कराले आला तू?"

अजूनही काही बिघडलं नव्हतं. पुरावा, एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. पण समोरच्याचं चुकलं की ते दाखवल्याशिवाय ह्याच्या पोटातलं पाणी स्थिर होत नसे. "हुज्जतचा खरा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही," तो भर पंचायतीत चौधरीला म्हणाला, "तो आधी समजून घ्या."

झालं! रहमतुल्लाने कपाळावर हात मारला.

"मले अर्थ शिकोते?" चौधरी उठून उभा राहिला. "पंचाशी जो हुज्जत करन त्याची साक्ष खारिज, हा बापजाद्याचा दस्तूर हाय. पोरगी कामरगावले राहीन. उठा."

लोक धोतरं-पायजमे झटकत उठले. कामरगाववाले हसत होते. "एकच चप्पल होती! कडी आतून होती!" गुलाम नबी त्यांच्या पाठींकडे पाहून ओरडत राहिला. ऐकायला कुणी थांबलं नाही. आता ती हुज्जतच होती, शेलूबाजारातली.

घरी आल्यावर तो सिताराजवळ गेला. "काही झालं तरी मी खोटं बोललो नाही, सितारा. अल्लाहला माहीत आहे."

ती चुलीजवळ बसली होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "खोटं बोलाचं नव्हतं, तर नाही म्हनाचं होतं," ती म्हणाली. "माही किस्मत म्हनून मी उगी राह्यली असती. पन तुले खोटं टाळाचं नव्हतं, भाई. तुले बोलाचं होतं."

ह्या वाक्याला भोक पाडायचा गुलाम नबीने पुढे वर्षानुवर्षं प्रयत्न केला. पिंजणीची तात टणटणत असे आणि तो सुग्रा बदलून पाही, कुब्रा बदलून पाही. नतीजा तोच निघे. अकोल्याला तो परत गेलाच नाही. बापाने दुसऱ्या दिवशी पिंजण त्याच्या पुढ्यात टाकली होती, आणि दोन वर्षांत म्हातारा खोकतच गेला. एका घरात भाऊ-बहीण राहू लागले. तो कापूस पिंजायचा, ती रजयांना टाके घालायची. ती त्याला भाकर वाढायची, पण दुश्मनाला वाढावी तशी, ताट सरकवून. त्याने कितीदा बोलायला तोंड उघडलं, आणि ती तेवढ्यात उठून जायची.

असं होता होता बदरुन्निसा बारा वर्षांची झाली. अमिरुन्निसा तिला घेऊन शेलूच्या बाजारात बांगड्या भरायला आली. म्हातारी बांगडीवाल्याशी घासाघीस करण्यात गुंतली आणि पोरगी विचारत विचारत पिंजाऱ्याच्या ओसरीपाशी येऊन उभी राहिली. गुलाम नबीने तिला लगेच ओळखलं. तोच ओठ, फक्त फुटलेला नाही. आत सिताराचा टाका हातातच थांबला.

"मामू तुमीच काय?" पोरीने विचारलं. आवाजात माया नव्हती. भांडायलाच आली होती ती. "दादी म्हनते, माह्यी माय मले टाकून आपल्या पायानं गेली. खरं सांगा. तिले काढलं, हे तुमी पाह्यलं काय?"

तोच प्रश्न. गुलाम नबीच्या डोक्यात काहीच रचलेलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

पोरीचे डोळे भरून आले आणि भरल्या डोळ्यांतच राग पेटला. "मंग तवा काहून नाही सांगतलं?"

त्याने तोंड उघडलं. एवढ्यात सितारा दारात आली. आठ वर्षांनी तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला आपल्याकडे ओढून घेतलं.

"त्याले इचारू नको, बेटा," ती म्हणाली. "तो सांगत बसन."