अंतिओका आणि फुलपाखरांची वही

अंतिओकाचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ती लपवायचीही नाही. पोस्टमन दारात आला तरी आधी त्याच्या हातांकडे बघायची, मग तोंडाकडे. अपवाद एकच, बाकीसिओ. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला पोराला हातांवर घेऊन हाच उभा राहिला होता. तेव्हापासून तो तिचा कोंपारे आणि ती त्याची कोमारे. सार्डिनिया बेटावरच्या त्या डोंगरात हे नातं सख्ख्या भावापेक्षा वरचं. भावाशी कोर्टात भांडता येतं, पण कोंपारेचा संशयसुद्धा घ्यायचा नसतो.

नवरा गेल्यावर तिच्यापाशी उरलं काय, तर बासष्ट मेंढ्या, उतारावरचं कुरण आणि अंगणापलीकडची एक खोली, जी ती उन्हाळी पाहुण्यांना द्यायची. मुलगा तोरिनो शहरात, तिसऱ्या मजल्यावर. तो फोनवर म्हणायचा, "आई, पुरे झालं आता, ये इकडे." ती म्हणायची, "मेंढ्या आहेत तोवर नाही." कळप आटला तर चीजपुरतं दूध निघणार नाही आणि मग त्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन खिडकीशी बसावं लागेल, या एकाच गोष्टीची तिला मनापासून भीती वाटायची.

मे महिन्यात आलेला पाहुणा हॉलंडचा निवृत्त शिक्षक होता. नाव फोल्कर्ट. ताडमाड उंच, उन्हानं नाक सोललेलं, गळ्यात भिंग.

"फुलपाखरं बघायला आलोय, सिन्योरा," तो मोडक्या इटालियनमध्ये म्हणाला.

"बघायला की धरायला?"

"फक्त बघायला. ओळखायचं आणि लिहून ठेवायचं."

"आणि मग?"

"मग काही नाही."

हे 'काही नाही' तिच्या पचनी पडेना. काही नाही यासाठी कोण एवढ्या लांबून येतं?

तो रोज उजाडताच कुरणात जायचा आणि रानबडीशेपेच्या दांड्यांपाशी पालथा पडून राहायचा. सकाळच्या गारठ्यात फुलपाखरं पंख मिटून बसलेली असतात, तेव्हाच ती नीट ओळखता येतात, असं त्याचं म्हणणं. या बेटाचं खास पिवळं-काळं फुलपाखरू आणि त्याचं युरोपभर उडणारं भावंड, दोन्ही सारखीच दिसतात. बेटावरच्याची शेपटी तेवढी आखूड. "लांबून फसायला होतं," तो म्हणाला. "जवळ जाऊनच बघावं लागतं."

अंतिओकानं नुसतं नाक मुरडलं. तिला बासष्टच्या बासष्ट मेंढ्या तोंडावरून ओळखता यायच्या, तेही लांबून.

म्हणूनच एका संध्याकाळी तिच्या लगेच लक्षात आलं. काळ्या नाकाची नव्हती. फाटक्या कानाची नव्हती. तिसरी, नेहमी मागे रेंगाळणारी आळशी, तीही नव्हती. चार दिवसांनी आणखी दोन गेल्या.

बाकीसिओ डावा पाय ओढत अंगणात आला आणि ऐकून डोक्याला हात लावून बसला.

"तरी मी सांगत होतो, कोमारे! एकट्या बाईचं काम आहे का हे? पोराकडे जा, कुरण मी सांभाळतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तो लांब्या वहीत काय खरडतो, बघितलंस कधी?"

दुसऱ्या दिवशी चादर बदलायचं निमित्त करून तिनं वही उघडली. भाषा कळेना, पण चित्र कळलं. तिचंच कुरण! दगडी भिंत, भिंतीतलं खिंडार, पाण्याचा हौद, मेंढवाडा. जागोजागी ठिपके, फुल्या आणि शेजारी वेळा. चोराला आणखी काय लागतं? तिनं तडक जाऊन बाकीसिओला सगळं सांगितलं.

"माझ्यासमोर वाचून घे त्याच्याकडून," बाकीसिओ म्हणाला. "मी असताना खोटं बोलायची टाप नाही त्याची."

रविवारी तिघं स्वयंपाकघरात बसले. अंतिओकानं कॉफी ओतली आणि वहीकडे बोट दाखवलं. "वाचा."

फोल्कर्टचा चेहरा खुलला. बिचाऱ्याला आजवर कुणी वही वाचून दाखव म्हटलं नसावं.

"चौदा मे. सहा वीस. आखूड शेपटीची दोन, बडीशेपेवर."

"ठिपका कशाचा?"

"तिथं बसलं होतं."

"आणि फुली?" बाकीसिओनं दरडावून विचारलं.

"फुली म्हणजे उडालं. का उडालं तेही लिहितो. वारा, कुत्रा, माणूस." त्यानं पान उलटलं. "एकोणीस मे. सहा पाच. तीन बसलेली. खिंडाराशी पांढरी गाडी आली, मागचा एक दिवा फुटलेला. माणूस लांब होता, चेहरा दिसला नाही. डावा पाय ओढत होता. तीन मेंढ्या चढवल्या. दार आपटलं, फुलपाखरं उडाली." त्यानं मान हलवली. "तेवीस मे, परत तीच गाडी. ओरडणारच होतो, सिन्योरा. पण मेंढ्या त्याच्या हाकेला धावत आल्या. म्हटलं, तुमच्या घरचंच कुणीतरी असेल."

बाकीसिओच्या कपातला चमचा वाजायचा थांबला.

अंतिओकानं बाकीसिओकडे बघितलंच नाही. तिनं खिडकीबाहेर बघितलं. त्याची पांढरी गाडी अंगणात पाठमोरी उभी होती. तो दिवा दुरुस्त करून घे म्हणून ती ईस्टरपासून त्याच्या मागे लागली होती. आणि हिवाळाभर तो तिला काय सांगत होता? पोराकडे जा, कुरण मी सांभाळतो. तिला रडूच फुटलं असतं, पण राग आधी आला.

"कोमारे, हा परका माणूस वाट्टेल ते—"

"बाकीसिओ," ती म्हणाली. तीस वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. "माझ्या पाच मेंढ्या कुठं आहेत?"

तो उठायला लागला. त्याच्या आधी तीच उठली, खुर्ची ओढत दारापाशी नेली आणि दार अडवून बसली.

फोल्कर्ट ओळीवर बोट ठेवून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "पुढचं वाचू?" त्यानं हळूच विचारलं.

"वाचा, सिन्योर," अंतिओका म्हणाली. "पहिल्या पानापासून वाचा. काही गाळू नका."