निरोप घेतलेला पाहुणा

जर्मनीत नोकरी सोडून जाणाऱ्याला कुणी पार्टी देत नाही. जाणाऱ्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं असतं. याला आउसश्टांड म्हणतात. आपण नोकरी सोडलीय की नोकरीने आपल्याला सोडलंय, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. फ्रँकफर्टमधल्या प्रयोगशाळेतलं माझं पोस्टडॉकचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा मी बटाटेवडे नेले. लोकांनी ते सुरी-काट्याने कापून खाल्ले, मला शुभेच्छांचं कार्ड दिलं, एक मग दिला आणि पाठ थोपटली.

माझं काम पालकावर होतं. पान ज्या प्रथिनाच्या जोरावर उजेड गिळतं, ते पालकातून धडधाकट बाहेर काढायचं, क्षणात गोठवायचं आणि मोठ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने त्याची घडण बघायची. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात स्वेटरवर जॅकेट चढवून थंड खोलीत, एका मिणमिणत्या हिरव्या दिव्याखाली उभं राहायचं, कारण पानातून काढलं की हे प्रथिन उजेडानेच खराब होतं. जन्म उजेड खाण्यासाठी आणि मरण उजेडाने! तीन वर्षं मी त्या खोलीत काढली. शनिवारच्या बाजारात मी पालकाला हात लावला की बायको विचारायची, "खायला की मारायला?"

ती जवळच्या एश्बॉर्न गावी आयटीत आहे, घर तिच्या पगारावर चालतं. गणपतीला भेटणारी सगळी मराठी मंडळीही आयटीतलीच. दरवर्षी कुणीतरी प्रसादाची वाटी हातात देत विचारायचंच, "म्हणजे तुझं अजून शिक्षणच चालू आहे ना?" मी हसायचो. चाळिशीला आलेला माणूस आणखी काय करणार?

शेवटी नमुना जमला. अगदी शुद्ध, हवा तसा. पण मायक्रोस्कोपवर आमचा नंबर लागला तो माझं कॉन्ट्रॅक्ट संपल्यानंतरचा. मी प्राध्यापकांकडे तीन महिने मागितले. ते म्हणाले, "शाउएन वीर माल." म्हणजे बघू. आपल्याकडे "बघू" म्हणजे "नाही", हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण जर्मन माणसाला नाही म्हणायचं असेल तर तो तोंडावर नाही म्हणतो, अशी माझी ठाम समजूत. मूर्ख मी! त्या "बघू"च्या भरवशावर वड्यांच्या दिवसापर्यंत थांबलो.

वडे संपल्यावर मी ताटल्या धूत होतो, तेव्हा ते आले. पैसे नाहीत म्हणाले. पण मी गास्ट म्हणून यायला त्यांची हरकत नव्हती. पाहुणा म्हणून. टेबल राहील, कॉफी राहील, मायक्रोस्कोपचं काम माझ्याच हातून होईल. फक्त पगार नसेल. हे ते अगदी चांगुलपणाने सांगत होते, आणि तेच जास्त लागलं. शिवी दिली असती तर निदान परत देता आली असती.

घरी येऊन मी भडकलो. "फुकट राबायला मी काय वेठबिगार आहे? तिकडे पाऊल ठेवणार नाही!"

"नको ठेवूस," बायको म्हणाली.

मी पुन्हा त्या नमुन्याबद्दलच बोलू लागलो. ती म्हणाली, "आल्झो, म्हणजे तुला ते बघायचंय. मग जा. नाहीतर घरी बसून माझं डोकं खाशील. फक्त फुकट जातोयस हे तुझ्या आईला सांगू नकोस. ती मला फोन करत बसेल."

सोमवारी गेलो. चिपकार्ट बंद पडलेलं, दार उघडेना. बेल वाजवली. शुक्रवारी ज्या सहकाऱ्याने मला मिठी मारून निरोप दिला होता, त्यानेच दार उघडलं. "नोख दा?" अजून आहेस? त्याने सहज विचारलं होतं, पण मला जमीन दुभंगावी असं झालं. पुढे कित्येक आठवडे मी कुणीतरी आत जाताना दिसलं की त्याच्या मागोमाग घुसायचो. कॉफीसुद्धा घरून न्यायला लागलो.

आणि मग ते दिसलं. मायक्रोस्कोपमधले फोटो कॉम्प्युटरने जोडत आणले, आणि एका दुपारी पडद्यावर प्रथिनाच्या कडेचा तो वाकलेला भाग आला, जो आजवर सगळ्यांच्या चित्रांत नुसता धूसर डाग होता. मी रडलो. लपवत नाही. बायकोला फोन केला. ती मीटिंगमध्ये कुणाला तरी "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत होती. मग हळूच मला म्हणाली, "दिसलं?"

"दिसलं."

पुढच्या बैठकीत प्राध्यापकांनी ते चित्र भिंतीवर मोठं करून दाखवलं. "आम्ही नमुना शुद्ध केला, आम्ही गोठवला, आम्हाला दिसलं," असं ते सांगत होते. मी मागच्या रांगेत होतो. तो वाकलेला भाग त्यांनी छान समजावून सांगितला, मला जमला असता त्याहून छान. इथे अशा वेळी टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी टेबल वाजवतात. टकटक सुरू झाली तशी त्यांनी हात वर केला. "आणि आपल्या पाहुण्याचेही आभार," ते म्हणाले. "ते आवर्जून येत राहिले."

माझ्याच पोराच्या बारशाला मला जेवायला बोलावलं होतं. सगळे माझ्याकडे वळून टेबल वाजवू लागले, आणि पाहुण्याने रीत पाळावी म्हणून मीही वाजवलं.