विल्माच्या व्हॅनची किल्ली

विल्मा लिंकलेटर तापट आहे, असं स्टोन नॅरोज या आडबाजूच्या गावात सगळे म्हणतात. साफ चूक. अठ्ठावन्न वर्षांत ती जेवढं गिळून बसली आहे, तेवढं गिळून दुसरं कुणी शहाणं राहिलं नसतं.

प्रांत सरकारने तिला पीडितांना आधार द्यायला नेमलंय. गावात कोर्ट नाही. महिन्यातून एकदा विमानाने जज, वकील आणि कारकून येतात, हॉलमध्ये टेबलं मांडतात, की झालं कोर्ट सुरू. धावपट्टी सात किलोमीटरवर आणि गावात टॅक्सी नाही. म्हणून या मंडळींना आणायचं-पोचवायचं कामही विल्माच्याच गळ्यात, तेही तिच्या स्वतःच्या व्हॅनमधून.

गावातल्याच डेलने कॅरिसा या तरुण पोरीचा जबडा मोडला, त्याला सतरा महिने झाले. चार वेळा तारीख पडली, चार वेळा पुढे गेली. एकदा धुकं, एकदा जज आजारी, दोनदा डेलचा वकीलच विमानात नाही. चारही वेळा पोरगी इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसली, डेलपासून बारा फुटांवर. बसायला खोली एकच. तो तिच्याकडे बघून गालात हसायचा आणि विल्मा मुकाट बघायची. आता महिन्याभरात खटला संपला नाही, तर कायद्याने ठरवलेली मुदत टळली म्हणून डेल मोकळा सुटणार होता.

पाचव्या तारखेला विमान वेळेवर आलं. पण मासेमारीचे परवाने, दारूची भांडणं, सगळं आधी चाललं. सव्वादोनला वैमानिक दारात येऊन म्हणाला, "ढग उतरतायत. साडेतीनच्या आत निघायला हवं."

सरकारी वकील ओल्डरिज फायली आवरू लागला. "कॅरिसाचं पुढच्या वेळी घेऊ."

"पुढच्या वेळी विमान आलं नाही तर?" विल्माने विचारलं.

"बघू ना तेव्हा."

"मावशी, जाऊ दे," कॅरिसा पुटपुटली. "सवय झालीय मला."

त्या सवय शब्दाने विल्माचं डोकं फिरलं. ती उठून थेट जजबाईंच्या टेबलापुढे उभी राहिली.

"बाई, व्हॅनची किल्ली माझ्या खिशात आहे. हिची साक्ष होईस्तोवर ती बाहेर निघणार नाही."

"तुम्ही कोर्टाला धमकावताय?"

"छे. चालत जा की. चिखल आहे थोडा, पण तब्येतीला चांगलं."

ओल्डरिजचा चेहरा लाल झाला. तो मागच्या बाकांकडे वळला. "कुणाची गाडी आहे का इथे?"

बाहेर अकरा पिकअप उभ्या होत्या. पहिल्या बाकावरचा म्हातारा म्हणाला, "माझी बॅटरी उतरलीय." दुसऱ्याने पेट्रोल संपल्याचं सांगितलं. मागून एक बाई म्हणाली, "माझी कालपासून रुसलीय." बाकीचे छताकडे बघू लागले. डेलचं हसू प्रथमच मावळलं.

जजबाईंनी विल्माकडे पाहिलं. आपल्याला लाज वाटायला हवी की राग यायला हवा, हे त्यांना ठरवता येत नसावं. शेवटी त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "साक्षीदाराला बोलवा."

कॅरिसा बोलली. एकही वाक्य अर्धं राहिलं नाही. डेलच्या वकिलाने उलटतपासणी घेतली, डेल स्वतः बोलायला तयार झाला नाही, आणि जजबाईंनी जागच्या जागी त्याला दोषी ठरवलं. सगळं मिळून अडतीस मिनिटं लागली.

ती अडतीस मिनिटं ऐकून विल्माचा राग निवला नाही, उलट चढला. एवढंच होतं, मग सतरा महिने ही पोर कशासाठी सडत होती?

धावपट्टीवर व्हॅनमधून उतरताना ओल्डरिज म्हणाला, "मला तुमच्याविरुद्ध तक्रार करावी लागेल, विल्मा."

"करा. चौकशी इथेच, याच हॉलमध्ये ठेवा," ती म्हणाली, "आणि मला पहिल्या चार वेळा नुसतीच परत पाठवा."