जेवणाच्या वेळेचा फोन

आमच्या आईचे दोन नियम होते. कुणाच्या घरात चपला घालून शिरायचं नाही, आणि कुणाच्या जेवणाच्या वेळी दारात जाऊन उभं राहायचं नाही. हे दोन्ही नियम पदराला बांधून मी लग्नानंतर अमेरिकेत, लेक सुपीरियर नावाच्या अफाट सरोवराच्या काठी येऊन पोचले. नवरा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं, आणि गावात मराठी घर आमचं एकच. पहिला हिवाळा मी खिडकीशी बसून रडण्यात घालवला. दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या बाईंनी माझ्या हातात दुर्बीण दिली.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, सत्तरी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. सगळं गाव त्यांना नावानं हाक मारायचं. माझी जीभ काही वळेना, म्हणून तोंडावर मी त्यांना ‘टीचर’ म्हणायचे आणि मनात बाई. त्यांनीच मला शिकवलं की हाडं गोठवणारी थंडी पडली की खुशाल बाहेर पडायचं, कारण उत्तर ध्रुवाकडचे दुर्मिळ पाहुणे तेव्हाच आमच्या काठावर उतरतात. तिथल्या पक्षीवेड्यांची एक पद्धत होती. काही वेगळं दिसलं की यादीतल्या पुढच्या माणसाला ताबडतोब फोन करायचा, त्यानं त्याच्या पुढच्याला. यादी आमच्या फ्रिजवर चिकटवलेली होती. माझ्यानंतर बाईंचा नंबर. बाईंनी चाळीस वर्षांत सगळे पक्षी पाहिले होते, एक आयव्हरी गल सोडून. पूर्ण पांढरा, काळ्या पायांचा सीगल.

आमची लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी, जानेवारीतल्या एका शनिवारी, उजेड सरता सरता, तो मला दिसला. बंदराच्या धक्क्याजवळ, बर्फावर, माझ्यापासून वीस पावलांवर. मी घाईघाईनं घरी आले, रिसीव्हर उचलला आणि घड्याळाकडे बघितलं. साडेपाच. या लोकांची जेवणाची वेळ. मी रिसीव्हर खाली ठेवला. सकाळी सांगू, पक्षी काय पळून जातोय!

पळालाच. रात्री वारा फिरला, काठाचं बर्फ सुटून सरोवरात वाहून गेलं आणि तोही गेला. सकाळी मी फोन केल्यावर बाई आल्या आणि दुपारपर्यंत धक्क्यावर दुर्बीण लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काल फोन का नाही केलास?" मी कारण सांगितलं.

"काल संध्याकाळी मी एकटी टोस्ट खात होते," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर परवडलं असतं. परत येताना त्यांनी सांगितलं, की घर विकलंय आणि फेब्रुवारीअखेर त्या कायमच्या फ्लोरिडाला मुलीकडे जाणार आहेत. तिथे कुठला आलाय हा पक्षी! मला फार लाज वाटली. मग मी इरेला पेटले. बाईंनी गाव सोडायच्या आत हा पक्षी त्यांना दाखवायचाच.

रोज सकाळी लेकीला शाळेत सोडलं की मी धक्क्यावर, दुपारी कामं उरकली की पुन्हा धक्क्यावर.

"अगं, आज तरी कॅन्सल कर," नवरा म्हणायचा. "बाहेर मायनस ट्वेंटी आहे यार!"

"मायनस फॉर्टी असलं तरी जाणार," मी म्हणायचे.

हा पक्षी मेलेल्या माशांवर येतो, असं कळलं. आता आमचं घर असं, की अंड्याचा केकसुद्धा देवांकडे पाठ करून खायचा. तरी मी मासे आणले. त्या थंडीत गॅरेज म्हणजेच फ्रीझर, तिथे ठेवले. स्वतःच्या हातांनी कापले आणि धक्क्याजवळच्या बर्फावर टाकले. पाच आठवडे हेच. गावचे कावळे गुटगुटीत झाले. तो काही आला नाही.

फेब्रुवारी संपत आला आणि बाईंच्या दारात सामानाचा ट्रक लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघणार होत्या. त्या संध्याकाळी तो आला. तोच की दुसरा, कोण जाणे. माझ्या माशाचे लचके तोडत निवांत उभा होता.

उजेड जेमतेम अर्धा तास उरला होता. घरी जाऊन फोन करण्यात तो निम्मा गेला असता. समोर एका घराच्या खिडकीत दिवा होता. मी दार ठोकलं. आत एक अनोळखी कुटुंब टेबलाशी बसलेलं, सगळ्यांचे काटे हातात. "फोन करायचाय," मी म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता बर्फानं लडबडलेल्या बुटांनी त्यांच्या गालिच्यावरून सरळ आत गेले. आठ वेळा घंटा वाजली. बाईंनी उचलला.

"आलाय," मी म्हणाले. "लगेच निघा."

बाई घरातल्या सपाता घालूनच गाडी घेऊन आल्या. तो अजून तिथेच होता. त्यांनी दुर्बीण लावली ती खाली घेईनात. डोळ्यांतलं पाणी गालांवर गोठत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. बऱ्याच वेळानं, नजर न हलवता त्यांनी विचारलं, "फोन कुठून केलास?"

"त्या समोरच्या घरातून."

"ते जेवत होते?"

"हो," मी म्हणाले. "सगळे."

बाईंनी चाचपडत माझा माशांचा वास मारणारा हात धरला, आणि अंधार पडेपर्यंत सोडला नाही.